मागे घ्यायचं विधेयक

विधिमंडळात टिकून राहायचं असेल तर एक कला अंगी असावी लागते. भाषणाची नव्हे. भाषण कुणीही करतं आणि ऐकत कुणीच नाही. खरी कला म्हणजे विधेयक मांडायचं आणि ते अलगद मागे घ्यायचं! आणि उगाच नम्रपणा कशाला, या कलेत माझा हात धरणारा आमच्या बाकांवर दुसरा कुणी नाही.

पद्धत सांगतो. शुक्रवारची दुपार आम्हा साध्या आमदारांसाठी राखलेली असते. जे मंत्री झाले नाहीत, आणि लक्षणं बघता होणारही नाहीत, त्यांनी त्या दुपारी आपापलं विधेयक मांडावं. मांडणारा कळकळीने बोलतो. मंत्री उठून म्हणतात, "सन्माननीय सदस्यांच्या भावना रास्त आहेत, शासन सकारात्मक विचार करील." मग मांडणाऱ्याने म्हणायचं, "या आश्वासनामुळे मी विधेयक मागे घेऊ इच्छितो." अध्यक्ष विचारतात, "अनुमती आहे का?" सगळे जांभई देता देता "होय" म्हणतात. झालं! कायदा होत नाही, कुणाचं काही बिघडत नाही, आणि गावाकडच्या वर्तमानपत्रात फोटो येतो. मोकाट कुत्री, पुलाचे कठडे, शाळांच्या घंटा, असं बरंच काही मी आजवर सभागृहात नेलं आणि सुखरूप परत आणलं.

या वेळी मात्र भानगड झाली. कारण विधेयक घरातून निघालं होतं.

आमदाराचं घर म्हणजे काय, ते आमदाराच्या बायकोला विचारा. उजाडलं रे उजाडलं की आमच्या पुढच्या खोलीत माणसं यायला लागतात. कुणाला बदली हवी, कुणाला नळ हवा, कुणाचं भावाशी पटत नाही. काम होवो न होवो, चहा होतो. तो आमची ही करते. त्यातले निम्मे जेवायला थांबतात. उरलेले निम्मे जेवण आटोपून येतात, म्हणजे त्यांना पुन्हा चहा! शिवाय माझे आईवडील, मुलं आणि मी. मी एकटाच चार माणसांचं काम लावतो, असं ती म्हणते. मला ते फार वाटतं. तीन म्हणा.

एका संध्याकाळी ती चहाची किटली हातात घेऊनच खुर्चीत बसली आणि म्हणाली, "अहो, तुमचं अधिवेशन निदान संपतं तरी. माझं कधी संपणार?"

भांडली असती तर मी निभावून नेलं असतं. समोरच्या बाकांची सवय आहे मला. पण ती भांडत नव्हती, नुसती दमली होती. किटली खाली ठेवायचंही तिच्या लक्षात आलं नव्हतं. 

"काय हवंय तुला?" मी विचारलं.

"आठवड्यातला एक दिवस. एकच! कुणी हाक मारायची नाही, कुणी काही मागायचं नाही."

"मिळेल!" मी म्हणालो.

आता अशा वेळी एखाद्याने उठून चार कप विसळले असते. तसा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. पण मी पडलो आमदार. मी विधेयक काढलं!

गृहिणींना आठवड्यातून एक दिवस हक्काची सुटी, त्या दिवशी घरकाम घरातल्या इतरांनी करावं, असा मसुदा झाला. तिला वाचून दाखवला. तिचा चेहरा असा उजळला की मी घाबरलोच.

"खरंच कायदा होईल?"

"बघच तू!"

"बघतेच. मी येते त्या दिवशी."

आली का पंचाईत! मागे घ्यायची कला मी तिला कधी सांगितली नव्हती. सांगणार तरी कसं? घरात माझी जी काही थोडी इज्जत आहे, ती या विधेयकांवरच आहे. पण लगेच मी स्वतःची समजूत काढली. सभागृहाची भाषा इतकी जडजंबाल की मागे घेतलं काय नि पुढे ढकललं काय, वर गॅलरीत बसून कुणाला कळतंय! घरी जाऊन म्हणायचं, "जिवाचं रान केलं गं, पण शासन ऐकेना." चहा पुढे चालू.

शुक्रवार उजाडला. तिला गॅलरीत बसवलं. तिथल्या पहारेकऱ्याने तिला नियम सांगितले, मी खाली आलो. वर पाहिलं तर ही पहिल्याच रांगेत, बरोबर माझ्या समोर. पदर नीट, पाठ ताठ, मान किंचित पुढे. गॅलरीतल्या दिव्याचा उजेड चष्म्यावर पडलेला, त्यामुळे डोळे दिसेनात. पण रोख सरळ माझ्यावर!

सभागृहात नेहमीची शुक्रवारची शोभा होती. आमच्या बाजूला जेमतेम दोन बाक भरलेले, बाकी सगळे उपाहारगृहात. समोर हरकतमास्तर छातीवर हनुवटी टेकून झोपलेले. हे विरोधी पक्षातले सर्वांत जुने सदस्य. पूर्वी शाळेत शिकवत, आता हरकती घेतात. एकदा तर शोकप्रस्तावावरसुद्धा हरकत घेतली होती त्यांनी!

मी बोललो. काय बोललो म्हणता! किटलीचा प्रसंग सांगताना तर मी बाकावर मूठच आपटली. वर पाहिलं, ही हलली नाही. मंत्री उठले, भावना रास्त ठरवल्या, सकारात्मक विचाराचं आश्वासन दिलं आणि बसले. मग मी आवाज खाली आणून, शक्य तितक्या जड शब्दांत म्हणालो, "अध्यक्ष महाराज, मंत्रिमहोदयांनी दिलेले आश्वासन विचारात घेता, प्रस्तुत विधेयक परत घेण्यास सभागृहाची अनुमती असावी."

"अनुमती आहे का?" अध्यक्षांनी विचारलं. त्यांना पाचची गाडी गाठायची होती.

"होय," दोन बाक पुटपुटले.

"नाही!"

सभागृह दचकलं. हरकतमास्तर डोळे न उघडता ओरडले होते.

आता इथे एक गोम आहे. एकाही सदस्याने 'नाही' म्हटलं तर विधेयक मागे घेता येत नाही. मग विधेयकावर मतदानच घ्यावं लागतं! आजवर असं कधी झालं नव्हतं, कारण शुक्रवारी कुणी जागंच नसे. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहून उसासा सोडला. मी धावतच मास्तरांपाशी गेलो.

"मास्तर, काय केलंत हे!"

"कशावर चाललं होतं रे?"

"माझ्या विधेयकावर! मी मागे घेत होतो!"

"असं होय? मग बरंच झालं की, वाचलं."

"तुमची हरकत तरी मागे घ्या!"

"हरकत?" मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांचे दातच मागितले. "आजवर एक तरी घेतली आहे का मी मागे?"

अध्यक्षांनी आवाजी मतदान पुकारलं. आमचे दोन बाक मला बघून "होय" म्हणाले. आपल्याच माणसाचं विधेयक, म्हणणार काय! मंत्री मात्र एकटे उठून असे "नाही" गरजले की अध्यक्षांनी गाडीच्या ओढीने लगेच जाहीर केलं, "नाही पक्षाला बहुमत आहे असं मला वाटतं."

सुटलो! नामंजूर! म्हणजे मी लढलो आणि हरलो. मागे घेण्यापेक्षाही हे झकास! मी वर गॅलरीकडे पाहून पडलेल्या चेहऱ्याने मान हलवली.

"मतविभाजन!" हरकतमास्तर.

"अहो मास्तर," मी जवळजवळ रडकुंडीला आलो, "तुम्ही मघापासून 'नाही'वाले ना? तुम्ही जिंकलात!"

"म्हणून काय झालं? निकाल लागला की मी विभाजन मागतो. माझी रीत आहे ती."

घंटा वाजायला लागल्या. मतविभाजन म्हणजे सदस्यांनी उठून चालायचं. 'होय'वाले उजव्या दाराने, 'नाही'वाले डाव्या दाराने बाहेरच्या लॉबीत जातात, तिथे डोकी मोजली जातात. घंटेचा आवाज ऐकून उपाहारगृह रिकामं झालं आणि आमचे सगळे सदस्य ओठ पुसत आत घुसले. सर्वांत पुढे आमचे प्रतोद. कुणी कुठे मत द्यायचं ते सांगणं हे प्रतोदांचं काम, आणि ते त्या वेळी बिस्कीट खात होते.

"विधेयक मागे घेणार होतात ना तुम्ही?" त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं.

"घेत होतो हो, पण मास्तर..."

"ते असू दे. आता मुकाट्याने 'नाही'त चला. समजावत बसायला वेळ नाही. मी सगळ्यांना सांगतो, तुमच्या मागे या म्हणून. तुम्ही फक्त पुढे व्हा!" मग कानाशी येऊन म्हणाले, "पुढच्या विस्तारात तुमचं नाव आहे. आठवण आहे ना?"

आठवण नसायला काय झालं! मंत्रिमंडळाच्या विस्ताराची वाट बघता बघता माझे केस पांढरे झाले होते. मी निघालो. माझ्या मागे अख्खा सत्ताधारी पक्ष. कशावर मतदान आहे हे त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. एकाने तर मला विचारलं, "अर्थसंकल्प का?"

दोन्ही दारांच्या मधोमध आलो. डावीकडे वळायचं, चार पावलं टाकायची, संपलं. आणि माझी नजर वर गेली.

ती तशीच बसली होती. पाठ ताठ, मान पुढे, चष्मा माझ्यावर रोखलेला. इतका वेळ झाला, तरी पापणीसुद्धा लवलेली नसणार! मला ती किटली आठवली. 'बघच तू' म्हणालो होतो मी. आणि ती बघत होती! त्या नजरेसमोर डावीकडे वळायचं, मग घरी जायचं, आणि तिच्याच हातचा चहा प्यायचा? नाही जमलं. पाय आपोआप उजवीकडे वळले.

मागून अख्खा पक्ष उजवीकडे वळला.

"अहो! अहो, तिकडे नाही!" प्रतोद ओरडले. पण मेंढरं एकदा वळली की वळली. कुणीतरी प्रतोदांनाच "ढकलू नका" म्हणून दटावलं आणि लोटत लोटत 'होय'च्या लॉबीत नेलं. सत्ताधारी उजवीकडे गेलेले बघून विरोधक हटकून डावीकडे गेले. तिथे मंत्रिमहोदय एकटेच उभे होते. हरकतमास्तरांनी म्हणे त्यांचा हात हातात घेऊन प्रेमाने विचारलं, "या साहेब! आमच्यात कधी आलात?"

विधेयक दणदणीत बहुमताने मंजूर झालं. अध्यक्षांची गाडी चुकली.

लॉबीत मंत्री माझ्या अंगावर धावून आले. "आता घरी काय तोंड दाखवू मी? मला गॅससुद्धा पेटवता येत नाही!" त्यांच्या मागून प्रतोद आले. ते ओरडले नाहीत, हेच वाईट.

"विस्तारात तुमचं नाव होतं," ते म्हणाले.

"होतं?"

"होतं."

असो. गेलं तर गेलं! जिना चढताना मला खरं सांगायचं तर वाऱ्यावर चालल्यासारखं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी मांडलं होतं आणि ते परत आणलं नव्हतं. तेही हिच्यासाठी! गॅलरीच्या दारात पहारेकरी कौतुकाने म्हणाला, "वहिनीसाहेबांसारखा प्रेक्षक नाही पाहिला, साहेब. जागच्या हलल्या नाहीत."

"पाहिलंस?" मी तिच्यापुढे उभा राहिलो. "पाहिलंस ना?"

ती दचकली. चष्मा काढून तिने डोळे चोळले.

"अगंबाई! संपलं का? माफ करा हं, डोळाच लागला माझा."

"कधी?"

"बसल्या बसल्याच. तो दारातला भला माणूस म्हणाला, इथे बोलायचं नाही, उठायचं नाही, कुणाला काही द्यायचं-घ्यायचं नाही. इतकं बरं वाटलं हो ऐकून! पुढचं काही आठवतच नाही." तिने समाधानाने सुस्कारा सोडला. कितीतरी वर्षांनी तिचा चेहरा ताजा दिसत होता. "तुमचं ते झालं का मंजूर?"

"झालं," मी म्हणालो आणि तिच्या शेजारी बसलो. खुर्ची चांगलीच मऊ होती.

"छान झालं. अहो, हे दर शुक्रवारी असतं का?"

तर अशी कथा. विधेयक नंतर वरच्या सभागृहाने अभ्यासासाठी समितीकडे पाठवलं. समितीची बैठक काही अजून झाली नाही. पण ही दर शुक्रवारी गॅलरीत असते. पास मी काढतो. त्या दिवशी सकाळचा चहाही मीच करतो. त्यामुळे शुक्रवारी आताशा कुणी कामं घेऊन येत नाही.

आणि आजवर कधी कशावर हरकत न घेतलेला मी परवा चक्क हरकतीसाठी उठलो. हरकतमास्तर झोपेतून जागे होऊन "नाही!" म्हणून ओरडले होते, आणि वर पहिल्या रांगेत हिची मान हलली होती.

"हरकत, अध्यक्ष महाराज! सन्माननीय सदस्यांनी जरा हळू बोलावं!"

"कोणत्या नियमाखाली?" अध्यक्षांनी विचारलं.

नियम काही सापडेना. हरकत मी मागे घेतली. त्या कलेत अजून माझा हात धरणारा कुणी नाही.