मोकळी रांग आणि पंख्याखालचं टेबल

संकटाची चाहूल लागताच राजाने कोपऱ्यात जाऊन बसणे, या क्रियेस बुद्धिबळात किल्लेकोट म्हणतात; कचेरीत तिला अनुभव म्हणतात. आमचे हेडक्लार्कसाहेब दोन्हींत निष्णात आहेत.

आमच्याकडे चालू पंखा एकच. (बाकीचे दुरुस्तीच्या प्रक्रियेत आहेत, म्हणजे छतालाच आहेत.) त्याच्याखालचं टेबल कुणाचं, हे दरवर्षी जेवणाच्या सुट्टीत एका डावावर ठरतं. घंटा होईपर्यंत निकाल लागला नाही, तर टेबल जुन्या मालकाकडेच राहतं. ही पद्धत अत्यंत न्याय्य असून तिच्यामुळे साहेब कित्येक वर्षं गारव्यात आहेत.

यंदा आव्हान दिलं आवक-जावकच्या ताईंनी. त्यांची खुर्ची झेरॉक्स मशीनच्या मागे, जिथून गरम वाफा बाहेर पडतात तिथे. साहेबांनी शिरस्त्याप्रमाणे किल्लेकोट केला. ताईंनी आपला घोडा बळी दिला, राजाच्या कडेचं प्यादं उडवलं आणि राजाच्या शेजारची अख्खी उभी रांग मोकळी केली. त्या रांगेत वजीर आला, वजिरामागे हत्ती. आता वजीर थेट राजाशेजारच्या कोपऱ्यातल्या घरात उतरवला की मात! आम्हाला आनंदाने नाचावंसं वाटत होतं. कॅशियर तर डबा उघडा टाकून खुर्चीवर चढले होते.

साहेबांनी चष्मा पुसला. "वा, उत्तम! माझी काहीच हरकत नाही. फक्त नंतर टेबल कुणाला, ते आपसात ठरवून घ्या. मागाहून भांडणं नकोत."

"ताईंनाच की," कुणीतरी म्हणालं.

"ताईंना कसं? घोडा द्या म्हणून मी सांगितलं!" कॅशियर खाली उतरले. रेकॉर्डवाल्यांनी हत्तीवर हक्क सांगितला. टायपिस्टकाकांनी ब्लडप्रेशरचं कारण काढलं. मी स्वतः फारसा बोललो नाही. (वय आणि टक्कल यांचा नुसता उल्लेख केला.)

ताईंनी वजीर उचलला. तो हात कॅशियरनी वरच्यावर धरला. "थांबा हो, एवढी काय घाई?"

"अहो, आधी जिंकू तरी द्या मला!" घामाने निथळत ताई ओरडल्या.

"जिंकाल हो. आधी ठरू तर द्या."

लगेच उपसमिती नेमली. ती फुटून तिच्या दोन झाल्या. वार वाटून घ्यायचे, इथवर एकमत झालं. पण शनिवारी अर्धाच दिवस कचेरी, त्यामुळे तो कुणी घेईना. तेवढ्यात घंटा झाली. साहेबांनी आपला राजा उचलून डब्यात ठेवला आणि पंखा आणखी जोरात केला.

मोकळ्या रांगेवरच्या हल्ल्याला उत्तरं अनेक आहेत. पण प्यादंही न हलवता देता येणारं हे एकच. ताई मशीनमागे परत गेल्या. आमच्याशी बोलत नाहीत. आम्हाला त्याचं फार वाईट वाटतं.

तुम्ही मात्र हसताय. हसा. पण खरं सांगा, मघाशी तुमच्या मनात काय आलं? "ताईंचा हात सोडा" असं, की शनिवारचं काहीतरी जमवता आलं असतं, असं?