नाबरकाकांचा बिबट्या

नाबरकाका जंगलात झोपताना स्वतःला झाडाला बांधून घेत. कमरेला कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी, तिचं दुसरं टोक करंजाच्या बुंध्याला, आणि गाठ तीनदा ओढून बघितलेली.

"समजा, झोपेत चालत चालत मी नदीत गेलो," ते मला म्हणाले.

"काका, तुम्ही झोपेत चालता?"

"अजून तरी नाही. पण पन्नाशीनंतर माणसाला काहीही सुरू होतं."

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही वसईत फ्लॅट घेतला, तेव्हा समोरच्या दारावर 'नाबर' अशी पाटी होती. आत दोनच माणसं. सरकारी कचेरीत काम करणारे, लग्न न केलेले काका आणि त्यांची थोरली बहीण इंदूताई. इंदूताई पूर्वी डोंगरातल्या एका आश्रमशाळेत शिकवायच्या. आता कमरेखालचं अंग गेल्यामुळे खिडकीजवळच्या पलंगावर असायच्या.

काकांचं कुठलंही वाक्य 'समजा'शिवाय सुरू होत नसे. कुणाचंही नवं सिलिंडर आलं की साबणाचं पाणी घेऊन हजर. "समजा, गळत असलं तर?" पाचूबंदरला मासळी आणायला गेले की समुद्राकडे तोंड ठेवून उलटे चालत रस्त्यापर्यंत यायचे. "समजा, मागून मोठी लाट आली." कोळणींना सवय झाली होती. त्या फक्त टोपल्या बाजूला घ्यायच्या.

आणि हा माणूस दर डिसेंबरात, बहिणीच्या सोबतीला एक बाई ठेवून, दोन रात्री जंगलात राहायला जायचा! सोबत दरवर्षी नवीन. एकदा गेलेला माणूस पुन्हा जात नसे. त्या वर्षी त्यांनी आम्हाला विचारलं. मला, माझी बायको माधवीला आणि आठ वर्षांच्या मुग्धाला. मुग्धानं लगेच उड्या मारल्या, मग नाही कसं म्हणणार?

एसटीनं कामणपर्यंत गेलो आणि तिथून दोन तास चालत डोंगरात. वाटेत पाड्यावरचा एक म्हातारा भेटला. काकांनी त्याला गाठलंच.

"बाबा, इकडे बिबट्या आहे का?"

"हाये ना."

"समजा, आला तर?"

काकांच्या गळ्यातल्या शिट्टीकडे, हातातल्या काठीकडे आणि पाठीवरच्या भल्यामोठ्या ओझ्याकडे म्हाताऱ्यानं नीट बघितलं. "येयाचा नाय. पन आला तं तुमाला बगून जाईल परत."

नदी म्हणजे डोंगरातून उतरणारा मोठा ओढा. मध्ये एक काळाभोर डोह, एका बाजूला वाळू, वर करंज आणि उंबर. आम्ही फांद्यांना ताडपत्री बांधली, तीन दगडांची चूल मांडली. माधवीनं पिठलं टाकलं. जागा इतकी सुंदर होती की माणसानं गप्प बसून बघत राहावं. काका गप्प बसत नव्हते. समजा, उंबराची फांदी मोडली. समजा, चुलीचा दगड फुटला. समजा, वर कुठे पाऊस पडला. डिसेंबरात!

गंमत म्हणजे काकांच्या काळजीची लागण व्हायची. पहिल्या संध्याकाळी मी हसत होतो. अंधार पडल्यावर बुटात विंचू नाही ना, हे बघून मगच पाय घालायला लागलो. आणि पहाटे दव ताडपत्रीवरून टपकायला लागलं, तेव्हा खरंच पाणी वाढतंय की काय म्हणून मीच उठून डोहाकाठी जाऊन आलो. काका झाडाला बांधलेले, टक्क जागे. "मी बघतोय मघापासून," म्हणाले. "वाढलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुग्धाला काकांजवळ ठेवून मी आणि माधवी लाकडं आणायला वर चढलो. दहा मिनिटं झाली असतील, तोच खालून शिट्टी ऐकू आली. तुटक तुटक, न थांबणारी. आधी मी म्हटलं, खार बघितली असेल. मग माधवीनं हातातली लाकडं टाकली आणि ती पळत सुटली. मीही धावलो.

मुग्धा दगडांवरून उड्या मारत डोहातल्या खडकापर्यंत गेली होती आणि शेवाळावरून घसरून पलीकडे, खोल बाजूला पडली होती. नाबरकाका छातीभर पाण्यात उभे होते. ज्यांना पोहता येत नाही, जे बादलीत हात घालतानाही दचकतात, ते. एक हात खडकाच्या खाचेत, दुसऱ्या हातात मुग्धाच्या फ्रॉकचा पाठीकडचा बोंगा. दोन्ही हात अडकलेले, म्हणून शिट्टी दातात. श्वास सोडला की ती वाजत होती.

मी पाण्यात शिरून मुग्धाला घेतलं आणि माधवीकडे दिलं. वळून बघतो तर काका तिथेच. त्यांना पाऊल उचलता येईना. मी हात धरून एकेक पाऊल टाकायला लावत त्यांना बाहेर आणलं. वाळूवर बसल्यावरही शिट्टी तोंडातच होती. नुसती बारीक वाजत राहिली.

मुग्धा रडून मोकळी झाली आणि तिनं खायला मागितलं. माधवी मात्र तिला घट्ट धरून पुटपुटत होती, "समजा, काका नसते तर... समजा, काका..."

आम्ही सामान आवरलं आणि दुसरी रात्र न काढताच परत निघालो.

संध्याकाळी काकांनी मला चहाला बोलावलं. इंदूताई उशांना टेकून बसल्या होत्या आणि काका पलंगापाशी उभे राहून हातवारे करत होते.

"एवढा मोठा बिबट्या! या टेबलाइतका जवळ! मी काठी आपटली, म्हटलं, चल, चालता हो!"

"आणि गेला?" इंदूताईंच्या डोळ्यांतून हसून पाणी यायला लागलं होतं.

"शेपूट घालून!"

मला राहवलं नाही. "इंदूताई, बिबट्याचं सोडा. आज सकाळी काकांनी..."

काकांच्या हातातला कप सांडला. "फडकं! सुधीर, जरा फडकं दे," म्हणत त्यांनी मला स्वयंपाकघरात ओढत नेलं.

"पाण्याचं सांगू नकोस," ते हळू आवाजात म्हणाले.

"का पण? केवढं धाडस केलंत तुम्ही!"

"अरे, मला तिथे एक रात्र काढवत नाही. तीच पाठवते मला. तिच्यापायी मी घरात कोंडला गेलो, असं तिच्या मनात आहे. गेलो नाही तर दोन-दोन दिवस बोलत नाही. परत आलो की असं काहीतरी सांगतो. वर्षभर पुरवून पुरवून विचारते." त्यांनी दाराकडे बघितलं. "बिबट्या खोटा आहे हे तिला कळतं, म्हणून हसते. पण ती नदी तिनं डोंगरातल्या शाळेत असताना पाहिलीय, आणि मला पोहता येत नाही हेही तिला माहीत आहे. नदीचं ऐकून ती हसायची नाही."

आम्ही बाहेर आलो. इंदूताई माझ्याकडेच बघत होत्या.

"काय रे सुधीर, सकाळी काय केलं यानं?"

"सकाळी," मी म्हटलं, "दुसरा बिबट्या आला होता."

इंदूताई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. काका खाली बसून सांडलेला चहा पुसत होते. फरशी कधीच कोरडी झाली होती. तरी तिच्याकडे मान वर न करता ते पुसतच राहिले.