बागायती खोली

सेलूच्या उमाजीला बायकोची खोली गार ठेवायची होती. एवढ्यासाठी निजाम सरकारची परवानगी लागते, हे त्याला ठाऊक नव्हतं.

मनकर्णाबाई चैत्रापासून तापानं अंथरुणाला खिळली होती. वैद्यानं उमाजीला बाजूला घेऊन सांगितलं, "औषध मी देतो, पण वैशाखाचं ऊन हिला सोसणार नाही. खोली गार राहिली तर बाई राहील." उमाजीनं त्याच दिवशी वाळ्याची ताटी आणून दाराला लावली. ताटी सतत ओली हवी आणि विहीर तर गल्लीच्या पलीकडं.

"दोन घागरी आनून वता की," मनकर्णाबाई म्हणाली.

"दिसभर कोन वतंल? इहिरीवरल्या हौदातून नळी टाकतो. पानी आपोआप ठिबकत ऱ्हाईल."

"तुमाला कामापरीस कामाची सोयच लय आवडती," असं म्हणून ती कूस बदलून हसली.

जिनिंगमधला फिटर रायभान सल्ला द्यायला आला. लोखंडाची नळी घ्यावी, असं त्याचं मत पडलं. शेजारचा आश्रुबा म्हणाला, "लोखंड उन्हात तापंल. ताटीतून वाफ निघंल अन् वैनी उकडून निघतील." तांबं लढाईमुळं मिळत नव्हतं. बांबूला जंगलखात्याचा परवाना हवा होता. खापराची नळी बैलगाडीखाली टिकली नसती. रोज दहा माणसं ओट्यावर बसून नळीवर बोलू लागली. उमाजीलाही त्यात गोडी वाटू लागली.

नळी कशाचीही असली तरी ती सरकारी गल्ली ओलांडणार होती, म्हणून उमाजी अर्ज घेऊन कचेरीत गेला. पेशकार बन्सीधर यांनी अर्ज दोनदा वाचला.

"नळी कशासाठी?"

"ताटी भिजवायला, पेशकारसाब."

"ताटी कशाची?"

"वाळ्याची."

"वाळा म्हणजे गवत. गवताला विहिरीचं पाणी म्हणजे बागायत. हा अर्ज रस्त्याचा नव्हे, आबपाशीचा, म्हणजे शेतीला पाणी देण्याचा आहे."

"साब, गवत कवाच वाळून गेलंय."

"मग त्याला पाणी कशाला देता?"

अर्ज आबपाशीच्या दप्तरात गेला. चौथ्या दिवशी जमिनीची मोजणी करणारा गिरदावर साखळी घेऊन आला आणि त्यानं खोली मोजली. पंचनाम्यात लिहिलं: जमीन एक खोली, पीक वाळा, पिकात एक बाई झोपलेली आढळली. बागायतीत वस्ती करता येत नाही. म्हणून निकाल लागेपर्यंत खोली रिकामी करून दाराला मोहर लावण्यात आली. ताटी पीक असल्यामुळं जागच्या जागी राहिली. मनकर्णाबाईची खाट मागच्या पत्र्याच्या छपरात गेली.

"मी पीक हाय का तन, तेवढं इचारून या," ती म्हणाली.

उमाजीनं खरोखरच विचारलं. तणासाठी वेगळा अर्ज लागतो, असं कळलं.

वैशाख लागला. दुपारी पत्र्याला हात लावता येईना. ओट्यावरची मंडळी आता छपराच्या सावलीला बसून बोलत होती. मनकर्णाबाई आतून पाणी मागायची. कोणीतरी उठून तांब्या द्यायचं आणि लगबगीनं परत यायचं, कारण बोलणं रंगात आलेलं असायचं.

एके दिवशी कचेरीत नळीच्या जाडीवर चर्चा चालू होती. पाऊण इंच पुरेल, असं पेशकारांचं म्हणणं. उमाजी एक इंचावर अडून बसला होता. तेवढ्यात रायभान धापा टाकत आला.

"उमाजी, घरी चल. वैनी गेल्या."

पेशकारांनी टाक खाली ठेवला. त्यांना खरंच वाईट वाटलं. मग टाक पुन्हा उचलून ते म्हणाले, "एक इंच लिहितो."

तेराव्याच्या दिवशी मंजुरी आली. उमाजी म्हणाला, "आता नको." त्याला समजावण्यात आलं, की मंजूर पाणी महिन्याच्या आत घेतलं नाही तर जमीन पडीक धरतात आणि पडीक जमीन सरकारजमा होते. ज्या खोलीत मनकर्णाबाई वीस वर्षं नांदली, ती सरकारजमा होऊ देणं उमाजीला जमलं नाही. मोहर निघाली. नळी बसली. ताटी भिजली.

खोली इतकी गार झाली, की गावात तिचा बोलबाला झाला. दुपारी ओट्यावरची सगळी मंडळी आत येऊन बसतात. पेशकार तपासणीला येतात आणि उन्हं कलल्यावर जागे होतात. उमाजी कोपऱ्यात बसून असतो. कोणी नवा माणूस आला, की तो त्याला पहिल्यापासून सगळं सांगतो: ताप, अर्ज, पत्रा. माणूस मन लावून ऐकतो, हळहळतो आणि शेवटी विचारतो, "पण मग नळी कशाची बसवली?"

तुम्हालाही तेच विचारायचं असेल, तर या. आत जागा आहे.