तारखेसह महिना

लालबागच्या त्या सरकारी चाळीचा जिना नादुरुस्त आहे, असा ठराव एकोणीसशे एकोणसाठच्या फेब्रुवारीत एकमताने संमत झाला. जिना त्याआधीही नादुरुस्तच होता. पण तिसऱ्या मजल्यावर खाणावळ चालवणाऱ्या सुंदराबाईंचा पाय फळीतून आरपार गेला आणि खालून गिरणीच्या पाळीवर निघालेल्या कोंडीरामच्या टाळक्याला लागला. एकाच घटनेला दोन साक्षीदार मिळाले आणि प्रश्नाला रीतसर स्वरूप आलं.

जिन्यांचा कारभार परळच्या चाळनिगा कचेरीकडे होता आणि कचेरीचा कारभार कारखानीस साहेबांकडे. साहेब जन्माने दादरचे, शिकले दादरला, मुलीही त्यांनी दादरलाच दिल्या. पण खुर्चीत बसले की त्यांना मराठी येत नसे. तेव्हा त्यांच्याशी बोलायला चाळीने रघुवीरला पाठवलं. रघुवीर एका जहाज कंपनीत कारकून होता आणि इंग्रजीत शिंकतो अशी त्याची ख्याती होती.

तो परत आला तेव्हा अंगणात सगळी चाळ जमली होती.

"काय म्हणाला साहेब?" कोंडीरामने विचारलं.

"इन मार्च," रघुवीर म्हणाला.

"म्हंजे?"

"म्हणजे मार्चमध्ये. पहिलीला, पंधरवड्यात, केव्हाही."

चाळ खूश झाली. मार्च आला, लोकांनी जिन्याखालची पिंपं हलवून सुताराला जागा करून दिली, आणि मार्च गेला. रघुवीर पुन्हा परळला गेला. साहेबांनी त्याला सौम्य इंग्रजीत समजावलं की, आपण मार्चमध्ये म्हणालो होतो, ह्या मार्चमध्ये म्हणालो नव्हतो. सरकारच्या नोकरीत दर वर्षी एक मार्च येतो, आणि कुठलाही वापरायची मुभा कचेरीला आहे.

रघुवीरला खरं तर राग यायला हवा होता. पण साहेबांची भाषा इतकी बिनचूक होती की त्याला मनातल्या मनात दाद द्यावीशी वाटली.

"चूक आपलीच," त्याने अंगणात सांगितलं. "इंग्रजीत महिन्याच्या आधी इन लावलं की पळवाट राहते. ऑन लावलं की साहेबाला तारीख द्यावीच लागते. आपण ऑन मागायला हवं होतं."

"खरां हा," कोंडीराम म्हणाला. "गिरणीत पगार ऑन दहा तारीख असता. इन एप्रिल म्हणाले तर गिरणी जागेवर ठेवू काय आम्ही?"

तेव्हा मुंबईत रोज कुठला ना कुठला मोर्चा निघत असे. चाळीनेही काढला. लालबाग ते परळ, बायका पुढे, पुरुष मागे, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच घोषणा: "तारखेसह महिना मिळालाच पाहिजे!" रस्त्यावरच्या लोकांना ती नीट कळली नाही, पण चाल ओळखीची होती, म्हणून तेही ओरडत सामील झाले. कचेरीपाशी पोचेपर्यंत मोर्चा पाचपट झाला होता. साहेब घाबरून गच्चीवर आले आणि त्यांनी जाहीर केलं, "बाय जून!"

रघुवीरने तिथल्या तिथे अर्थ सांगितला. "जूनच्या आत!"

लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. त्या दिवसापासून नळावर त्याच्या घागरीला पहिला नंबर मिळू लागला. संध्याकाळी अंगणात तो खुर्ची टाकून बसे, आणि महिन्यांना काय काय चिकटतं हे लोकांना सांगे. अर्ली आलं तर महिन्याची सुरुवात, मिड आलं तर मध्य, नेक्स्ट आलं तर भांडण. गिरणीतून थकून आलेली माणसंही मन लावून ऐकत. बायका एकमेकींना सांगत, "भांडी मिड दुपार घासते गं."

फक्त त्याची बायको ललिता एका प्रश्नावर अडून होती.

"अहो, पण जिना?"

"बाय मिळवलंय मी, बाय! साधी गोष्ट आहे का?"

"त्यावर पाय ठेवता येतो का?"

रघुवीरने तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

जून संपला. साहेबांनी खुलासा केला की काम आता 'लेट जुलै' मध्ये धरलेलं आहे. अंगणात ह्यावर खडाजंगी झाली. कोंडीरामच्या वडिलांच्या तसबिरीखाली 'लेट' लिहिलेलं होतं. "म्हंजे जुलै मेलो?" त्याने विचारलं. रघुवीर शांतपणे म्हणाला, "माणसाच्या नावाआधी लागलं तर कैलासवासी, महिन्याच्या नावाआधी लागलं तर उत्तरार्ध." वाद ऐन रंगात असताना वर मोठा आवाज झाला. सुंदराबाई हंडा घेऊन उतरत होत्या. पायऱ्या गेल्या, हंडा गेला, आणि सुंदराबाईंच्या मांडीचं हाड गेलं.

त्यांना केईएममध्ये नेलं. हाड वाकडं जुळलं. परत आणून चार जणांनी दोरखंडाने त्यांना वर चढवलं, ते तिसऱ्या मजल्यावरच राहण्यासाठी. खाणावळ बंद पडली. रघुवीर भेटायला गेला तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"आजी, मी कचेरीत कडक निषेध नोंदवला," तो म्हणाला. "आता ते नो लेटर दॅन डिसेंबर म्हणतायत. ह्याहून पक्कं इंग्रजीत काही नाही."

"मेल्या," सुंदराबाई म्हणाल्या, "माका सुतार व्हयो."

डिसेंबरही गेला. आणि मग वर्षानुवर्षं ज्यासाठी लोकांनी लाठ्या आणि गोळ्या खाल्ल्या, ते झालं. एक मे आला, तारखेसह आला, आणि मुंबई महाराष्ट्राची झाली. चाळीत तोरणं लागली, ढोल आले. समारंभाला पाहुणे म्हणून कारखानीस साहेब, डोक्याला फेटा. कोंडीराम आणि इतरांनी सुंदराबाईंना खुर्चीसकट दोरखंडाने खाली उतरवलं.

आता मराठी आली, आता आपली खुर्ची गेली, असं रघुवीरला मात्र वाटत होतं. पण साहेबांनी स्वतःच्या हाताने त्याला पेढा भरवला, 'रघुवीरराव' म्हणाले आणि मंचावर शेजारी बसवलं. मग ते उभे राहिले, आणि लोकांनी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा मराठी ऐकली.

"बंधुभगिनींनो, परक्या भाषेचे दिवस संपले. आता आपलं राज्य आहे. तुमचा जिना लवकरच होईल!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शब्द न् शब्द कळला होता. कुणाला काही विचारायची गरज पडली नव्हती. कोंडीरामच्या डोळ्यांत पाणी आलं. ढोल वाजू लागले.

तेवढ्यात सुंदराबाईंचा आवाज आला. "लवकरच म्हंजे कुठल्या महिन्यात, रे साहेबा?"

ढोल थांबले. साहेबांचा फेटा किंचित हलला. रघुवीर मंचावरून वाकला आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाला, "शूऽ! आजी, आज असं विचारू नये. आपलं राज्य आहे."

मग सगळ्या अंगणातून शूऽ शूऽ असा आवाज उठला. वाचकहो, तुम्ही अंगणात जरा मागे उभे होता, म्हणून तुम्हाला वाटत असेल की तो आवाज फक्त पुढच्या रांगांतून आला. स्वतःच्या ओठांवरचं बोट आधी खाली घ्या.