एक तरी सिनिक हवा

आमच्या तुर्भ्याच्या कारखान्यात कोणीही निराश नाही. तसा अहवाल मी स्वतः पाठवला आहे. मी केयूर, मनुष्यबळ विभागाचा उपव्यवस्थापक. माणसांच्या दृष्टिकोनावर लक्ष ठेवणं हे माझं काम, आणि ते मी एसीत बसून अगदी मनापासून करतो.

कंपनी जर्मन आहे. यंत्रांबद्दल मुख्यालय इंग्रजीत लिहितं, पण माणसांच्या मनाबद्दल काही लिहायचं झालं की त्यांना मातृभाषेशिवाय सुचत नाही. म्हणून आमच्याकडे क्षिप्रा मॅडम आहेत. त्या जर्मनचं इंग्रजी आणि इंग्रजीचं जर्मन करतात. बाकीचा वेळ त्या गप्प असतात, त्यामुळे त्यांच्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

तर यंदा मुख्यालयाचं पत्र आलं. प्रत्येक शाखेने आपल्याकडचे सिनिकल कर्मचारी शोधून कळवावेत. सिनिकल म्हणजे ज्यांचा कशावरच विश्वास उरलेला नाही असे. त्यांना सन्मानपूर्वक मोकळं करण्यात येईल. आता 'सन्मानपूर्वक मोकळं' म्हणजे काय ते नोकरदार माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

मी लगेच सर्वेक्षण घेतलं. आदल्या दिवशी योग्य उत्तरांचं प्रशिक्षण ठेवलं, वर वडापाव दिला. निकाल बघून माझे डोळे भरून आले. एकूण एक माणसाचा कंपनीवर पूर्ण विश्वास निघाला. मुख्यालयाने मात्र अहवाल परत पाठवला. एकही सिनिक नाही, यावर विश्वास बसत नाही म्हणे.

"आपल्यावर विश्वास नाही त्यांचा," कारखान्याचे प्रमुख रूपेशसाहेब दुखावल्यासारखे म्हणाले. "मग सिनिकल कोण झालं? पण जाऊ दे. त्यांच्याशी वाद कोण घालणार? एक तरी सिनिक द्यायला लागेल, केयूर. बघ कुणी मिळतं का."

बघायचं काय त्यात? श्यामसुंदरकाका होतेच की.

काका तिसऱ्या मजल्यावर पॅकिंगचे सुपरवायझर. तिथे आग लागल्यावर बाहेर पडायचं एक दार आहे. दाराला कुलूप आहे, आणि कुलपापुढे जुन्या दिवाळी भेटींचे खोके आणि मोडक्या खुर्च्या. उद्या काही झालं तर माझ्या पॅकिंगच्या बायकांनी जायचं कुठून, हा काकांचा प्रश्न. तो ते दर महिन्याला अर्जातून विचारत. अर्ज इतका नम्र की वाचणाऱ्याला लाज वाटावी. शेवटी न चुकता 'आपण लक्ष घालाल याची खात्री आहे.' सर्वेक्षणातही त्यांनी विश्वासाच्या रकान्यावर खूण केली आणि खाली लिहिलं, 'तेवढं दार उघडा.' गोड खिरीत मिठाचा खडा.

मी काकांचं नाव इंग्रजीत लिहून जर्मनसाठी क्षिप्रा मॅडमकडे पाठवलं. त्या कधी नव्हे ते जागेवरून उठून साहेबांच्या केबिनमध्ये आल्या.

"सर, हे चुकतंय. जर्मनमध्ये दोन वेगळे शब्द आहेत. एक त्सिनिस्मुस. म्हणजे सगळं कळतं, पण कशाचंच काही वाटत नाही. दुसरा क्युनिस्मुस. जुने ग्रीक तत्त्वज्ञ कसे राजाच्याही तोंडावर खरं बोलायचे, तसं. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द आहे. मुख्यालयाला पहिल्या प्रकारचे लोक नकोत. दुसरे हवेत, त्यांचा गौरव करा म्हणून पत्रात लिहिलंय."

"मग तुमच्या इंग्रजीत ते का नाही आलं?"

"आलं होतं. मी खाली टीप दिली होती. टिपेमुळे पान वाढतं म्हणून तुम्हीच ती काढायला लावलीत."

साहेबांनी मान डोलावली. पान वाढतं, हे खरंच होतं.

"आणि काका पहिल्यातले कसे असतील?" मॅडमचा आवाज जरा चढला. "कुणीतरी ऐकेल असं वाटतं म्हणून माणूस अर्ज करतो. तुमच्यावर खरा विश्वास असलेला या इमारतीत तो एकच माणूस आहे, सर. त्याचीच नोकरी घालवताय तुम्ही."

साहेबांनी विचार केला. त्यांना पटलं. साहेबांची हीच गोष्ट मला आवडते, त्यांना सगळं पटतं. "अगदी बरोबर आहे तुमचं मॅडम," ते म्हणाले. "पण नाव काकांचंच जाऊ द्या."

नाव गेलं. मात्र जर्मनमध्ये जाताना त्याच्यापुढे मॅडमनी दुसरा शब्द लिहिला, हे आम्हाला मुख्यालयाचं उत्तर आल्यावर कळलं. श्री. श्यामसुंदर यांचं हार्दिक अभिनंदन. त्यांचा जाहीर सत्कार व्हावा, आणि पुढच्या वर्षापर्यंत प्रत्येक विभागात असे स्पष्टवक्ते तयार व्हावेत. झालं. ज्या माणसासाठी नोटीस काढायची होती त्याच्यासाठी आता शाल काढायची वेळ आली.

काकांना मी बातमी दिली तेव्हा ते लाजले. "सत्कार कसला हो केयूरशेठ? दार उघडा म्हणजे झालं."

"उघडणारच ना काका. आधी सत्कार तर होऊ दे."

ते हसले. त्यांना खरंच वाटलं.

दुसरीकडे स्पष्टवक्ते तयार करायची जबाबदारी माझ्यावर आली. मी कार्यशाळा ठेवली, नमुना तक्रारी वाटल्या. 'चहात साखर जास्त असते.' 'साहेब स्वतःच्या तब्येतीकडे लक्ष देत नाहीत.' आठवडाभरात लोक असे काही परखड झाले की विचारू नका. साहेबांच्या तब्येतीवरून तर दोन विभागांत जुंपली.

पॅकिंगमधली रंजिता, करावे गावची, मधेच उभी राहिली. "सायेब, आमी दाराचं बोललो तं चालंल का?"

"दाराचा विषय काकांच्या नावावर गेलेला आहे," मी सांगितलं. "एका विषयाला एकच स्पष्टवक्ता. तू साखरेचं घे."

"आग लागल्याव साखरेचं काय करू?" असं म्हणून ती खाली बसली. मी तिच्यापुढे 'उत्तम प्रगती' असा शेरा मारला.

सत्काराला मोठी जागा तिसऱ्या मजल्यावरच होती. स्टेजला मागे भिंत हवी म्हणून ते दाराला टेकवून बांधलं. दार, खोके, खुर्च्या सगळं बॅनरमागे गेलं आणि बॅनरवर काकांचा हसरा फोटो आला. शाल झाली, श्रीफळ झालं. साहेब फार सुंदर बोलले. "काकांनी दारासाठी जो लढा दिला, तो ही कंपनी कधीही विसरणार नाही." टाळ्या थांबेनात.

मग काकांना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांनी मागे वळून बॅनरकडे पाहिलं. मग माइकवर म्हणाले, "साहेबांचं मार्गदर्शन लाभलं, त्याबद्दल आभारी आहे." आणि शाल सावरत जागेवर जाऊन बसले.

स्टेज काढलं नाही. सत्कार आता दरवर्षी होणार, मग दर वेळी बांधा-सोडा कशाला?

पुढच्या महिन्यात काकांचा अर्ज आला नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. मला चैन पडेना, म्हणून मीच वर गेलो. काकांनी सत्काराच्या नारळाची बर्फी पुढे केली.

"काका, दाराचं काय?"

"असू दे हो," ते म्हणाले. "तुमचं तरी काय चुकतंय?"

स्टेजच्या बाजूला रंजिता आणि बाकीच्या बायका मान खाली घालून खोके भरत होत्या. मला वाईट वाटलं. निदान आता वाटायला हवं, एवढं तरी नक्की वाटलं.

खाली येऊन मी क्षिप्रा मॅडमना विचारलं, आता काकांना कुठला शब्द?

"आता पहिला," त्या म्हणाल्या आणि तोंड फिरवून त्यांनी डोळे पुसले. "ते कामही तुम्ही पूर्ण केलंत."

तुम्ही हे इथवर वाचलंत. मधे एक-दोनदा हसलात. वाचताना तुमच्या सोसायटीच्या गच्चीचं दारही तुम्हाला आठवलं असेल. त्यालाही कुलूप आहे आणि किल्ली कुणाकडे आहे ते तुम्ही कधी विचारलेलं नाही. सेक्रेटरीशी वाईटपणा कोण घेणार? आता 'असंच चालायचं' म्हणून तुम्ही चहा टाकाल. घाबरू नका, तुमचं नाव मी मुख्यालयाला कळवणार नाही. जर्मन आणि इंग्रजी दोन्ही भाषांत तुमच्यासाठी शब्द आहे, पण तो जरा लागतो. आपल्या मराठीत अशा माणसाला समजूतदार म्हणतात.