बोटभर उघडलेलं कपाट

"भीती तोंडाने सांगायची नसते. मोजायची असते!" असं टेक्निशियनने छाती ठोकून सांगितलं, तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं की हीच छाती त्याला दुसऱ्या दिवशी भर दवाखान्यात तोंडघशी पाडणार आहे.

टेक्निशियन हृदयाच्या दवाखान्यात अकरा वर्षं कामाला. लोकांच्या छातीला तारा चिकटवायच्या, यंत्र कमरेला बांधायचं, चोवीस तासांनी काढून त्यातली नोंद संगणकात ओतायची. अकरा वर्षं दुसऱ्यांची धडधड कागदावर पाहिली की माणसाला वाटतं, आपल्याला काळीज कळतं. काळीज कुणालाही कळत नाही. पण हे त्याला कोण सांगणार? त्याची बायको रोज सांगायची. बायकोचं कोण ऐकतं!

भांडण होतं मेव्हण्याशी. मेव्हणा न्हावी. हात मुसळासारखे, आवाज ढोलासारखा. तीन आठवडे झाले, दोघांचं एकाच गोष्टीवरून वाजत होतं. भुताचा खरा सिनेमा कुठला?

"'लिफ्टमधली ती'!" मेव्हणा म्हणायचा. "दहा मिनिटांत सात माणसं मरतात, दाजी! त्यातली तीन परत येतात!"

"त्याला भीती म्हणत नाहीत, गर्दी म्हणतात. सिनेमा म्हणजे 'कपाटाची फट'! अडीच तास एक कपाट. बोटभर उघडतं, मिटतं. बस! आत काय आहे ते शेवटपर्यंत दाखवत नाहीत."

"दाखवत नाहीत कारण दाखवायला पैसे नव्हते! कपाटाला काय घाबरायचं? आमच्या दुकानात दोन आहेत."

यावर उपाय एकच. दवाखान्यातली दोन्ही यंत्रं टेक्निशियनने शनिवारी पिशवीत घातली. यंत्र घरी न्यायचं नाही, असा डॉक्टर मॅडमचा सक्त नियम होता. पण विज्ञानापुढे नियम काय चीज!

दोन नंबरचं यंत्र त्याच दुपारी त्याच्या सासूबाईंनी परत दिलं होतं. सासूबाईंचं बुधवारी डोळ्याचं ऑपरेशन. आठ महिने थांबून मिळालेली तारीख. जन्मभर शिवणकाम केलेली बाई, आणि आता सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारावी लागायची. हृदय ठीक आहे असा मॅडमचा कागद मिळाला, की ऑपरेशन. सासूबाईंची नोंद संगणकात ओतायची राहिली होती. 'सोमवारी ओतू,' टेक्निशियन म्हणाला. जगातली निम्मी वाटोळी या 'सोमवारी'नेच झालेली आहेत.

रविवारी दुपारी दोन वाजता मेव्हण्याने वस्तरा काढला आणि दोघांच्या छात्या जागोजागी चौकोनी भादरल्या. पट्ट्या नाहीतर चिकटत नाहीत. बायको दारात येऊन म्हणाली, "काय चाललंय? दोन माणसं आहात की गवत उपटलेली दोन मैदानं?"

"प्रयोग आहे!"

"लाज आहे का? ते बघा आधी."

पडदे ओढले. प्रत्येकाकडे एक कागद. पेशंटला देतात तसा, कुठल्या वेळी काय करत होतो ते लिहायचा. आधी कपाट, मग लिफ्ट. संध्याकाळी सात वाजता मेव्हण्याने तारा ओढून काढल्या, म्हणाला, "खाज सुटली," आणि घरी गेला. टेक्निशियनने काढल्या नाहीत. चोवीस तास म्हणजे चोवीस तास! धंद्याचा अभिमान असतो माणसाला.

सोमवारी सकाळी त्याने दोन नंबर टेबलावर ठेवलं आणि शर्टाच्या आत एक नंबर बाळगून चहाला गेला. परत येऊन पाहतो तर टेबल रिकामं! मॅडम नेमक्या आज लवकर आल्या होत्या, आणि दोन नंबर त्यांनीच संगणकात ओतलं होतं. खुर्चीत कागद न्यायला आलेल्या सासूबाई बसलेल्या. आणि मॅडम संगणकाकडे अशा बघत होत्या, जणू त्यातून धूर निघतोय.

तेव्हा टेक्निशियनला आठवलं. मेव्हण्याला लावताना त्याने यंत्रातलं नाव बदललं नव्हतं! नाव तेच, नोंद नवी. सासूबाईंची खरी नोंद पुसली गेली, आणि त्यांच्या नावावर मेव्हण्याचं काळीज चढलं.

"या, बघा," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. मॅडम हळू बोलल्या की दवाखान्यात पंखेसुद्धा हळू फिरतात. "तीन वाजून दहा मिनिटांनी, ठोके एकशे एकाहत्तर! बसल्या जागी! आणि हे यांनी लिहिलेलं वाचा. डोळ्यांमुळे अक्षर बिचाऱ्यांचं असं झालंय."

कागद मेव्हण्याचा होता. यंत्राच्या पिशवीतच राहिलेला.

'२.४० कपाट उघडलं. बोटभर.
२.५५ आत कोणीतरी आहे. बाकी कोणाला दिसत नाही.
३.१० ती बाई माझ्याकडे बघते.
३.१२ पाय वर घेतले.
३.४० लघवीला जायचंय. जाणार नाही.'

टेक्निशियनच्या अंगातून आनंदाची शिरशिरी गेली. जिंकलो! एकशे एकाहत्तर! कपाटाला! लबाड न्हावी, तीन आठवडे लिफ्ट लिफ्ट करत होता! आणि पुढच्याच क्षणी ती जिरली. कारण हा पुरावा त्याला जगात कुणालाच दाखवता येणार नव्हता.

मॅडमनी सासूबाईंचा हात हातात घेतला. "आजी, घरी कपाट आहे?"

"आहे की."

"त्यात कोण असतं?"

"कपडे."

"आणि... बाई?"

"बाई?" सासूबाई ताडकन सरळ झाल्या. "अहो, त्यात एक रुमाल घुसवायचा तर मला खांदा लावावा लागतो! बाई कुठे मावणार?"

'पेशंट नाकारते,' मॅडमनी लिहिलं. बघा, कागदावर एकदा छापून आलं की समोरची जिवंत बाई खोटी ठरते! मॅडम वाईट नव्हत्या, शिकलेल्या होत्या.

"ऑपरेशन रद्द करावं लागेल," त्या म्हणाल्या. "आजच भरती करू. मनाच्या डॉक्टरांनाही बोलावते."

सासूबाईंचा चेहरा उतरला. भांडण्याची हिंमत त्यांच्यात जन्मजात होती, पण ऑपरेशनचं नाव निघताच आवाज बसला. त्यांनी अंदाजाने टेक्निशियनच्या दिशेला मान वळवली. "जावईबापू, तुम्ही सांगा ना यांना. मला नीट दिसत नाही हो, पण नसलेलंही दिसत नाही!"

टेक्निशियनने मनात हिशेब केला. खरं सांगावं तर अकरा वर्षांची नोकरी गेली. गप्प बसावं तर म्हातारीचे डोळे गेले. घाम छातीवरून ओघळला. वस्तऱ्याने भादरलेल्या चौकोनांवरून घाम फार छान ओघळतो.

"दुसऱ्यांदा तपासून बघू का?" तो चिरक्या आवाजात म्हणाला. "यंत्र बिघडलं असेल..."

"ठीक. एक नंबर आणा."

"एक नंबर..."

"हो. कुठे आहे?"

घामाने एक पट्टी सुटली. तार निसटली की यंत्र आवाज करतं, तशी सोय आहे. भली सोय!

टिंग.

मॅडमनी ड्रॉवरकडे पाहिलं. टिंग. टेबलाखाली पाहिलं. टिंग! मग त्यांची नजर सावकाश वर आली आणि त्याच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणावर थांबली.

"काढा," मॅडम म्हणाल्या.

त्याने शर्ट काढला आणि सगळं सांगितलं. कपाट, लिफ्ट, मेव्हणा, वस्तरा. सासूबाईंना चौकोन दिसले नाहीत, एवढीच देवाची कृपा.

मॅडमनी उरलेल्या पट्ट्या उपटल्या. यंत्र त्याच्या अंगावरून उतरवलं, संगणकात ओतलं, वाचलं. "कपाट, ब्याण्णव. लिफ्ट, एकशे तीस." म्हणजे तो लिफ्टला घाबरला होता! तीन आठवडे दोघेही स्वतःच्याच विरुद्ध भांडत होते. "आणि आज नऊ बावन्नला, एकशे अठ्ठ्याहत्तर. या वेळी काय करत होतात?"

"तुम्ही... एक नंबर मागितला."

"लिहा कागदावर."

त्याने लिहिलं. नोकरी राहिली. एका महिन्याचा पगार मात्र गेला, आणि त्या दिवसापुरती घरी रवानगी झाली. आणि तेच यंत्र पुसून, नाव घालून, सासूबाईंना चोवीस तासांसाठी बांधलं गेलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी हुकूम सोडला, "लावा ते दोन्ही! ऐकते तरी, मुलगा कशाला घाबरला!" दिवसाढवळ्या दोन्ही सिनेमे पुन्हा लागले. मंगळवारी सकाळी मॅडमनी नोंद काढली. कपाट, बहात्तर. लिफ्ट, सत्तर. बाजूला शेजारणीकडून लिहून घेतलेला कागद. 'जावई ओरडले. मुलगा ओरडला. मला झोप लागली.'

"उत्तम हृदय," मॅडम म्हणाल्या आणि बुधवारच्या कागदावर सही केली. मग त्यांचं बोट एका ठिकाणी थांबलं. काल संध्याकाळी साडेसहा. एकशे छप्पन्न. चोवीस तासांत एवढी एकच उडी.

टेक्निशियनने समोरची ओळ वाचली, आणि सिनेमावर पुन्हा कधी वाद घातला नाही.

'६.३० जावईबापूंनी धीर दिला. म्हणाले, डोळ्यात खुपसतात ती सुई अगदी बारीक असते.'