थावरा कारभाऱ्याचं परराष्ट्र खातं

आमच्या तांड्यातली म्हैस नाला ओलांडून बोरखेडच्या तुरीत शिरली, की सगळे काठ्या घेऊन तिच्यामागे धावत. थावरा काका तेवढे उलट्या दिशेला, घराकडे धावत. कोट आणायला.

नाल्यापलीकडे परमुलूख, आणि परमुलखात कोटाशिवाय पाय ठेवायचा नाही, हा त्यांचा नेम. खाली धोतर, डोक्याला लाल पागोटं आणि मधे तो काळा जाडजूड कोट. दिग्रसच्या एका बँडवाल्यानं धंदा मोडला तेव्हा काकांनी तो घेतला होता. एका खांद्यावरची पिवळी झालर शाबूत होती, दुसरी वाजवता वाजवता गेली असावी. आश्विनातल्या रणरणत्या दुपारीही काका गळ्यापर्यंत बटणं लावून नाला ओलांडत. तोवर म्हैस अर्धी ओळ खाऊन मोकळी. काका बांधावर उभे राहून शेतमालकाला रामराम घालत, घरच्यांची खुशाली विचारत, आणि मग अगदी सहज म्हणत, "आमचं एक जनावर तुमच्या इकडं आलं म्हणते बाप्पा." जशी ती म्हैस लग्नाचं आमंत्रण द्यायला आली होती.

मी एकदा म्हटलं, "काका, आधी म्हैस तर हाकलाल?"

"हाकलून कोणीबी आणते. पुढच्या खेपेले तो काठी घेऊन उभा राहते. रामराम घेतलेला माणूस काठी कशी उचलते, सांग."

बोरखेडच्या कोंडवाड्यात आजूबाजूच्या सगळ्या गावांची जनावरं मी पाहिली. आमच्या तांड्याचं एकही पाहिलं नाही.

तांडा म्हणजे केवढा, तर या टोकाला विडी पेटवून निघालेला माणूस त्या टोकाला पोचला तरी ती अर्धी शिल्लक असे. मागे टेकडी, पुढे नाला. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरले. ज्यांना रोज दुसऱ्याच्या शिवारात मुक्काम करायचा, त्यांना दुसऱ्याशी बोलता येणं भाग होतं. पुढे फिरणं थांबलं, शेती आली, पण बोलणं काही काकांच्या अंगातून गेलं नाही. तांड्याला नायक होता. घरचे तंटे तो सोडवी आणि उरलेला वेळ झोपे. नाल्यापलीकडचं सगळं काकांकडे. ते तांड्याचे कारभारी होते आणि माझ्या वडिलांचे चुलतभाऊ.

मी तांड्यातला पहिला बी. ए. हे मीच सांगतो, कारण तेव्हा सांगायला दुसरं कोणी शिकलेलं नव्हतं. अमरावतीला राज्यशास्त्र घेतलं आणि पुस्तकांची पेटी डोक्यावर घेऊन घरी आलो. काकांनी एक पुस्तक हातात घेतलं, तोलून पाहिलं.

"याच्यात मोठ्या देशाचंच आहे का लहान्याचंबी?"

"मोठ्यांचंच जास्त आहे."

"मोठ्याले अक्कल कायले पाह्यजे? त्याच्यापाशी फौज आहे. लहान्याचं लिहायले पाह्यजे होतं." आणि पुस्तक परत पेटीत ठेवलं.

त्याच काळात आम्ही मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो, आणि चार वर्षं होतात न होतात तोच महाराष्ट्रात आलो. दोन्ही वेळेला मी मोठ्या उत्साहानं काकांना समजावून सांगितलं. दोन्ही वेळेला त्यांनी एकच विचारलं, "नाला जागच्या जागीच आहे ना?"

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "पाहून राह्यलो." घरात मीठ संपलं म्हणून काकी ओरडली, तर पाहून राह्यलो. मतं कोणाला देणार असं कोणी विचारलं, तरी पाहून राह्यलो. एका निवडणुकीत दोन पक्षांनी दोन झेंडे आणून दिले. काकांनी एक झेंडा डाव्या बैलाच्या शिंगाला बांधला, दुसरा उजव्याच्या, आणि कापसाची गाडी घेऊन दिग्रसला गेले. बाजारातले दोन्हीकडचे लोक खूश झाले. गाडी मात्र जिनिंगकडेच गेली.

परमुलखातला चहा पहिल्यांदा नाकारायचा आणि दुसऱ्यांदा घ्यायचा. "पह्यल्यांदाच हो म्हटलं त भुकेला समजते, दुसऱ्यांदाबी नाही म्हटलं त वैरी समजते." कोणाच्या ओट्यावर बसायचं ते कडेला, एक पाय जमिनीवर ठेवून. घरात काका गोरबोलीत, म्हणजे आमच्या बंजारा भाषेत, भांडत, आणि नाल्यात पाय टाकला की वऱ्हाडीत साखर पेरत. काकी म्हणे, "तो कोट घरात घालत जा ना जरा."

पण काकांचं खरं काम एकच होतं, आणि ते तांड्याच्या पोटाशी होतं. आमच्या गाड्यांना दिग्रसच्या सडकेला लागायचं तर नाल्यापलीकडे बोरखेडच्या बळीराम पाटलाच्या वावरातून जावं लागे. दुसरी वाट टेकडीला वळसा घालून, आणि पावसाळ्यात तीही नाही. कापूस त्याच वाटेनं जाई, अडलेली बाळंतीणही त्याच वाटेनं. वाट पाटलाच्या मालकीची. तो मनात आणता तर एका दिवसात नांगरून टाकता.

या वाटेच्या मधोमध, नाल्याच्या काठाला, एक मोहाचं झाड होतं. ते कोणाचं, हा तंटा पाटलाच्या बापापासून चालू होता. तांडा म्हणे आमचं, पाटील म्हणे आमचं. दर वर्षी होळी झाली, मोह गळायला लागला, की एका दुपारी काका आणि पाटील त्या झाडाखाली बोलणी करायला बसत. दोन्हीकडच्या लोकांनी लांब उभं राहायचं. बोलणी दिवस कलेपर्यंत चालत. मग दोघं उठत आणि जाहीर करत, की यंदाही निकाल लागला नाही, निकाल लागेपर्यंत झाडाखालची माती कोणी हलवायची नाही, आणि फुलं दोघांनी अर्धी अर्धी वेचायची.

झाड कोणाच्या मुलखात हे ठरलेलं नसल्यामुळे काका तिथे कोट घालतही नसत आणि घरी ठेवतही नसत. खांद्यावर टाकून नेत.

मला हे सगळं बावळटपणाचं वाटे. मी म्हटलं, "काका, तहसिलीत अर्ज करू. वाटेचा कागद करून घेऊ."

"कागद झाला की माणूस बोलायचा बंद होते," काका म्हणाले. "अन् तुले एवढंच वाटते त यंदा सोबत चाल. साक्षीदार म्हणून. बोलायचं मात्र नाही."

मी गेलो. पांढरा सदरा घालून, एका मुळावर ताठ बसलो. पाटील आले. उंचेपुरे, पिकल्या मिशांचे, गुडघ्यावर हात ठेवत चालणारे. लांबच्या लोकांना दिसेल असा दोघांनी कडक रामराम केला. मग पाटलांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं, काकांनी तंबाखू मळली आणि निम्मी त्यांच्या तळहातावर ठेवली.

"गुडघा कसा आहे रे?" काका म्हणाले.

मी चमकलो. आजवर मी काकांच्या तोंडून "पाटीलसाहेब, तुमी" याशिवाय काही ऐकलं नव्हतं.

"ठणकते. तुह्या पाल्याचा लेप लावला, पण ते माहेरी गेल्यावानी जाते अन् परत येते." पाटलांनी तंबाखू ओठात सरकवली. "थावरा, घरात करमत नाही लेका. घरची गेली तवापासून कोणी भांडतच नाही."

"माही घेऊन जा."

पाटील इतक्या मोठ्यानं हसले, की लांब उभ्या असलेल्या आमच्या लोकांना वाटलं बोलणी फिसकटली. मग काका आपल्या मोठ्या मुलाबद्दल बोलले. तो देवीच्या साथीत गेला तेव्हा मी लहान होतो. घरात त्याचं नाव मी काकांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. पाटील ऐकत होते. लहानपणी दोघंही याच झाडाखाली गुरं राखत, हे मला त्या दिवशी कळलं. दिवस कलला. झाडाचं नाव कोणीच काढलं नव्हतं.

उठताना पाटलांनी पागोटं नीट बसवलं आणि मोठ्यानं म्हणाले, "मले तुमची एक बी गोष्ट मंजूर नाही, कारभारी."

"मलेबी नाही, पाटीलसाहेब," काका तितक्याच मोठ्यानं म्हणाले.

पुढच्या साली होळीला पाटील अंथरुणाला खिळले. कारभार वसंताकडे, म्हणजे त्यांच्या मुलाकडे आला. वसंता माझ्यासोबत शाळेत होता. माणूस वाईट नाही, पण हिशेबी. वावराच्या मधून वाट कशाला, तिथे कापसाच्या चार ओळी बसतील, असं त्याचं म्हणणं. एके सकाळी आमच्या गाडीवानानं येऊन सांगितलं, की वाटेवर बाभळीच्या काट्या, काटेरी फांद्या, आडव्या टाकल्या आहेत आणि वसंता उद्या नांगर घालणार आहे.

तांडा नायकाच्या अंगणात गोळा झाला. पोरं काठ्या म्हणाली, मी तहसील म्हणालो. काकांनी कोट घातला.

मी त्यांच्यासोबत गेलो. वसंता ओट्यावर पाय पसरून बसला होता. त्यानं चहा विचारला नाही. काका ओट्याच्या कडेला टेकले, एक पाय जमिनीवर.

"कारभारी, वाटेचं बोलायचं असंल त बोलू नका," वसंता म्हणाला. "बाबाचं बाबापाशी. वावर आमचं आहे."

"वाटेचं कोण बोलून राह्यलं? मी झाडाच्या तंट्यासाठी आलो. यंदा बोलणी झाली नाही."

"घेऊन टाका ते झाड."

"असं कसं घेऊ? पंच नाही, बोलणं नाही. तुह्या आज्याच्या वक्तापासूनचा ठराव आहे, निकाल लागेपर्यंत झाडाखालची माती कोणी हलवायची नाही. तू आज झाड फुकट देशील, उद्या गाव म्हणंल वसंता पाटलानं आज्याचा शब्द मोडला. तुही बदनामी होते. मी त तुह्या भल्यासाठी आलो बापा."

वसंता विचार करू लागला. झाड वाटेच्या मधोमध. त्याच्या मुळ्या वाटेच्या या अंगालाही आणि त्या अंगालाही. झाडाखालची माती हलवायची नाही, म्हणजे नांगर फिरवायचा कुठून?

"मंग निकाल कधी लागते?" त्यानं शेवटी विचारलं.

"पाहून राह्यलो," काका म्हणाले.

आतल्या खाटेवरून खोकल्यासारखा आवाज आला. आम्हाला वाटलं पाटलांना ठसका लागला. ते हसत होते. "वसंता," ते आतून म्हणाले, "काट्या काढून घे. हा माणूस जिवंत आहे तोवर निकाल लागू देत नाही. अन् त्याले चहा दे." मग पुन्हा म्हणाले, "पह्यल्यांदा नाही म्हणंल. दुसऱ्यांदा विचार."

त्याच दुपारी काट्या निघाल्या. गाड्या सुरू झाल्या.

पंधरवड्यानं बोरखेडचा गडी निरोप घेऊन आला, पाटील थावराला बोलावतात. काका अंगणात उघड्या अंगानं दोर वळत बसले होते. हातातला दोर टाकून ते उठले आणि चालायला लागले. मी घरातून कोट घेऊन मागे धावलो. "काका, कोट," मी म्हटलं. "काका, नाला आला." त्यांनी वळून पाहिलं नाही. नाला ओलांडला, झाडाखालून गेले, बोरखेडच्या भर रस्त्यानं गेले. बाया दारात येऊन बघत राहिल्या. कारभाऱ्याला कोटाशिवाय त्या गावात कोणी पाहिलं नव्हतं.

पाटलांच्या घरात माणसं दाटली होती. काका ओट्यावर थांबले नाहीत. आत गेले आणि खाटेवर, पाटलांच्या पायाशी, पूर्ण बसले.

"थावरा, ते झाड तुले देतो," पाटील म्हणाले. आवाज फार खोल गेला होता. "सगळ्यांसमोर देतो. आता मिटवून टाकू."

"मले मान्य नाही."

"अबे, देऊन राह्यलो ना."

"तू देशील अन् मी घेऊ? झाड तुहं आहे. पुढच्या साली बोलू."

"पुढच्या साली मी..."

"पुढच्या साली बोलू म्हटलं ना तुले." काकांनी त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि गुडघा दाबू लागले. कोट हातात धरून मी दारात उभा होतो. तो कोणालाच नको होता.

पाटील दुसऱ्या दिवशी गेले.

पुढच्या होळीनंतर मोह गळायला लागला. एका दुपारी काका खांद्यावर कोट टाकून झाडाखाली जाऊन बसले. तांड्यातली माणसं नेहमीसारखी लांब उभी राहिली. मी साक्षीदार म्हणून जवळ होतो. काकांनी तंबाखू मळली, निम्मी आपल्या तोंडात टाकली आणि निम्मी तळहातावर तशीच धरून बसले.

बऱ्याच वेळानं वसंता आला. बापाचं पागोटं घालून आला होता, ते त्याला जरा मोठं होत होतं. पाटील बसायचे त्या मुळाकडे तो वळला, तेव्हा काका सरकले आणि आपल्या बाजूला जागा करून म्हणाले, "इकडं बैस."

वसंता बसला. भोवती फुलं गळत होती. मग तो हळूच म्हणाला, "काका, बाबा सगळ्यांसमोर बोलले होते. झाड तुमचंच आहे. वाटेची भीती ठेवू नका, वाट मी बंद करत नाही. आता तंटा कायले ठेवता?"

काकांनी समोरच्या रिकाम्या मुळाकडे पाहिलं.

"मी त्याले म्हटलं होतं पुढच्या साली बोलू," ते म्हणाले. "त्यानं अजून उत्तर दिलं नाही. पाहून राह्यलो."